उंबऱ्यावरचा कबुलीजबाब

वहिनीचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आणि मी तिला म्हणाले, "रडू नकोस, वर अपील करता येतं." निकालाची तारीख त्याच आठवड्यात होती. मला वाटलं तारीख अलीकडे आली, अण्णाला शिक्षा झाली आणि वहिनी कोर्टाच्या आवारातूनच बोलते आहे. चार वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. रडायला दुसरं काही कारण असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिला अपिलाची मुदत, शिक्षा स्थगित करून घ्यायचा अर्ज, जामीन असं काय काय सांगत सुटले. वहिनीने मला अडवलंही नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "वन्सं, हे गेले. आंघोळीला गेले होते, दार उघडेनात..." सख्खा भाऊ गेल्याची बातमी येत होती आणि माझ्या तोंडात फौजदारी कायदा होता. याचा मला आजही संताप येतो.

अण्णा म्हणजे वासुदेवराव, माझा थोरला भाऊ. बनशंकरीत त्याचं लिफ्टच्या देखभालीचं छोटं ऑफिस होतं. मोठ्या कंपन्या लिफ्ट बसवून निघून जातात, पुढे वर्षानुवर्षं त्या चालत्या ठेवायचं काम अण्णासारखी माणसं करतात. लग्नाच्या हॉलमध्ये गेलो तरी हा अक्षता टाकायच्या आधी लिफ्टमध्ये उभा राहून कान देणार, मग मॅनेजरला शोधून सांगणार की तुमच्या दोराला तेल कमी पडलंय. आम्ही सगळे पुढे निघून जायचो आणि वहिनी कपाळाला हात लावायची. स्वभावाने इतका नरम की रस्त्यात कुणी याच्या पायावर पाय दिला तर हाच "सॉरी" म्हणायचा. मला ते कधीच आवडलं नाही. मी त्याला म्हणायचे, अण्णा, माफी मागायला तुला कारण तरी लागतं का? तो हसायचा. त्या माफी मागण्याचं पुढे काय होणार आहे हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. तिथे एका दुपारी त्याचा माणूस मंजुनाथ, आम्ही त्याला मंजूच म्हणायचो, लिफ्टच्या डब्यावर चढून काम करत होता. वरच्या खोलीतला मेन स्विच त्याने बंद केला होता आणि त्याला 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली होती. काम अर्ध्यावर असताना लिफ्ट चालू झाली... मंजू जागच्या जागी गेला. पाटी नंतर स्विचखाली जमिनीवर सापडली. ती आपली आपण पडली की कुणी काढून ठेवली, हा एकच प्रश्न होता, आणि तो कुणीही नीट विचारला नाही. अण्णा तेव्हा बनशंकरीत ऑफिसात बसून दुसऱ्या कुणाच्या तरी लिफ्टची तक्रार ऐकत होता. मंजू त्याच्याकडे लग्नाआधीपासून होता. त्याच्या लग्नात अण्णाने त्याला मुंडावळ्या बांधल्याचा फोटो आमच्याकडे आहे, नवरदेवाने हट्टाने मालकालाच बांधायला लावल्या होत्या.

आता मी जे सांगणार आहे ते महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. आमची घराणी इथे कन्नड मुलखात येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली. आमची मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, भाजीवाल्याशी आणि देवाशी आम्ही कन्नडमध्येच बोलतो, पण घरातल्या काही रीती आम्ही जशाच्या तशा धरून ठेवल्या आहेत. त्यातली एक अशी, की आपल्याकडे काम करणारा माणूस गेला तर घरचा कर्ता त्याच्या घरी जातो, चपला बाहेर काढतो, उंबऱ्यावर डोकं टेकतो आणि ठरलेली तीन वाक्यं म्हणतो. "तो माझ्या पदरी होता. मी त्याला राखलं नाही. दोष माझा आहे." माणूस कशाने गेला याचा या वाक्यांशी संबंध नसतो. आमच्याकडचा म्हातारा गडी टायफॉइडने गेला तेव्हा आमच्या वडिलांनी हेच म्हटलेलं मी लहानपणी ऐकलं आहे. ते ऐकून त्याची बायको हंबरडा फोडून रडली होती आणि मग उठून वडिलांना तिने पाणी दिलं होतं. ते पाणी प्यायलं की ती रीत पुरी होते.

अण्णा रामनगरच्या पलीकडे मंजूच्या गावी गेला. मी नको म्हणाले होते, निदान आत्ता नको, कुणा वकिलाला विचार. तो म्हणाला, "वकिलाला काय विचारायचं? माणूस आपला गेलाय." मंजूची आई सिद्दम्मा दारात बसली होती. अण्णाने उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि ती तीन वाक्यं म्हटली. आमच्याकडे ती मराठीत म्हणतात, पण सिद्दम्माला कळावं म्हणून त्याने ती कन्नडमध्ये म्हटली. मराठीत म्हटली असती तर त्या गावात कुणाला काय कळलं असतं! गर्दीतल्या कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि ते चित्रण पोलिसांपर्यंत पोचलं. सिद्दम्माने त्याला पाणी दिलं, तो प्यायला आणि घरी आला. घरी आल्यावर म्हणाला, आता थोडं बरं वाटतंय.

मालकाच्या निष्काळजीपणाने माणूस गेला, अशी अण्णावर केस झाली. पोलिसांनी बोलावलं तेव्हा तो घाबरला होता. तिथल्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि म्हणाले, सांगा स्वल्प काय झालं ते. याने सगळं सांगितलं, वकील हवा असं म्हणायचंही त्याला सुचलं नाही, आणि समोर आलेल्या कागदावर सही करून आला. जामीन त्याच दिवशी मिळाला. पुढे कितीतरी दिवस तो त्या सहीच्या काळजीने जेवत नव्हता. आणि खरी गंमत आम्हाला आमची वकील भेटली तेव्हा कळली. रेखा तिचं नाव, बेळगावकडची, माझ्या भाचीच्या वयाची, आमच्याशी मराठीत बोलायची. तिने कागद वाचले आणि म्हणाली, "काका, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही. ती सही विसरा. पण त्या आईंच्या दारात जे बोललात ना, ते चालतं." अण्णाला ते पुन्हा सांगायला लागलं. जिथे तो भीतीने बोलला तिथलं बोलणं कायद्याने बाजूला ठेवलं, आणि जिथे मनापासून बोलला तिथलं उचलून धरलं. आरोपपत्रात कन्नडमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की आरोपीने मृताच्या आईसमोर स्वतःचा दोष मान्य केला आहे.

अपार्टमेंटच्या लोकांचं मात्र मला कौतुक करावंसं वाटतं, म्हणजे ज्या अर्थाने मी ते करते त्या अर्थाने. घटना घडल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मोठे वकील गाठले, आणि वकिलांनी सांगितलं तसे ते सगळे गप्प बसले. मंजूच्या घरी कुणी गेलं नाही. अण्णाचे फोन कुणी उचलले नाहीत. पोलिसांच्या नोटिशीला उत्तर गेलं ते वकिलामार्फत, छापल्यासारखं. त्यांच्या इमारतीचा इलेक्ट्रिशियन, जो त्या दिवशी वरच्या खोलीत जाऊ शकत होता, तो नोकरी सोडून कुठे गेला ते त्यांना माहीत नव्हतं. गप्प बसायचा अधिकार राज्यघटनेने प्रत्येक आरोपीला दिला आहे हे मला पुढे कळलं. पण तो वापरता यायला आधी माहीत असावा लागतो, आणि ज्यांना माहीत होता ते आरोपीच झाले नाहीत. त्यांचा मॅनेजर सरकारतर्फे साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला. इस्त्रीच्या शर्टात तो म्हणाला की सुरक्षेची सगळी जबाबदारी लिफ्टवाल्यांची होती.

रेखाच्या आधी आमच्याच नात्यातले एक वकील होते. त्यांचा सल्ला असा, की मॅजिस्ट्रेट आरोप वाचून दाखवतील आणि गुन्हा कबूल आहे का विचारतील, तेव्हा सरळ हो म्हणा, दंडावर भागवायला बघू, या वयात फेऱ्या कशाला. आमच्या नातेवाइकांनाही ते पटलं होतं. अण्णा मात्र इथे पहिल्यांदा अडून बसला. आयुष्यभर ऊठसूट माफी मागणारा माणूस म्हणाला, "मी केलं नाही ते केलं म्हणून मी सही करणार नाही. दंड झाला तरी तो शिक्षाच ना? मला निर्दोष असं कोर्टाने म्हणायला हवं." मी त्याला विचारलं, मग सिद्दम्माच्या दारात कशाला म्हणालास? तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला इतकी साधी गोष्ट कळत नाही याचंच त्याला नवल वाटत होतं. त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती, तो शब्द, कोर्टाच्या तोंडून.

मग त्याचा अभ्यास सुरू झाला. फौजदारी प्रक्रियेचं पुस्तक आणून तो लिफ्टचा नकाशा वाचावा तसा पेन्सिल घेऊन वाचायचा. अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे, वकिलाला भेटू दिलंच पाहिजे, आरोपपत्राच्या आणि जबाबांच्या प्रती फुकट मिळाल्याच पाहिजेत, दोष सिद्ध करायचं काम सरकारचं आहे, आपण निर्दोष आहोत हे आपण सिद्ध करायचं नसतं... प्रत्येक नवं कलम वाचलं की तो मला फोन करायचा आणि म्हणायचा, "बघ, हेही होतं." मधेच देशाचे कायदेच बदलले. नवी नावं, नवे आकडे. याने धावत जाऊन नवं पुस्तक आणलं, तर रेखा म्हणाली, काका, तुमची केस जुनी आहे, ती जुन्याच कायद्याने चालणार. ते नवं पुस्तक त्याने तरीही वाचून काढलं. कोण जाणे कशासाठी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

नातेवाइकांचं मी काय सांगू? घरच्या लग्नांची आमंत्रणं येत राहिली, पण उशिरा, आणि फोनवर. आमच्या समाजाच्या मंडळात अण्णा वर्षानुवर्षं खजिनदार होता, तिथे एकाने गोड बोलून सुचवलं की केस संपेपर्यंत स्वल्प विश्रांती घ्या. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नव्यासाठी कोर्टाची परवानगी लागेल असं कळलं, ती वेळेत आली नाही, आणि मुलाकडे अमेरिकेला नातीच्या बारशाला वहिनी एकटी गेली. यातलं काहीही शिक्षा म्हणून झालेलं नव्हतं. कागदोपत्री अण्णा पूर्ण निर्दोष होता, कारण कायदाच म्हणतो की दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. हे वाक्य आमच्या मंडळात कुणी वाचलेलं नसावं.

सिद्दम्माची साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी विचारलं, हे तुमच्या घरी आले होते का? हो. दोष माझा आहे असं म्हणाले का? हो. इतकंच विचारून ते बसले. मग रेखा उठली आणि तिने विचारलं की आणखी कोण कोण आलं होतं. सिद्दम्माने अण्णाकडे बोट केलं आणि म्हणाली, "हाच एक आला. बाकी त्या मोठ्या घरांतलं कुणी आलं नाही, अम्मा." टायपिस्टने ते टाइप केलं. अण्णा आरोपीच्या जागी उभा राहून डोळे पुसत होता, आणि मला त्याचा आणि तिचा आणि त्या टायपिस्टचाही राग आला होता.

आमच्या रीतीबद्दल सांगायला बचावातर्फे साक्षीदार म्हणून मी उभी राहिले. वडिलांचं, गड्याचं, पाण्याच्या पेल्याचं सगळं सांगितलं. सरकारी वकील मिस्कील हसत म्हणाले, म्हणजे तुमच्या घरी कुणीही वारलं की तुम्ही गुन्हा कबूल करता? मी म्हणाले, गुन्हा नाही, दोष. त्यांनी विचारलं, ही रीत कुठे लिहिलेली आहे? मी नाही म्हणाले. तुमच्या घराबाहेरचं कुणी ती पाळतं का? मला माहीत नव्हतं. "दॅट्स ऑल," असं म्हणून ते बसले. साडेतीनशे वर्षांत ते लिहून ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याच माणसाच्या दारात नम्र व्हायला पुरावा लागेल हे कुणाला ठाऊक!

शेवटी आरोपीला थेट प्रश्न विचारायची वेळ आली. साक्षीदार असं असं म्हणतात, तुमचं काय म्हणणं आहे, असं न्यायाधीश एकेक करून विचारतात. तिथे शपथ नसते, आणि उत्तर न देण्याचाही अधिकार असतो. रेखाने त्याला दहादा बजावलं होतं, "काका, त्या प्रश्नाला गप्प राहा, नाहीतर खुलासा लेखी देऊ." अण्णाला तर तो अधिकार कलमासकट पाठ होता. पण सिद्दम्माच्या दाराचा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, "मी ते म्हणालो. ते मला मागे घ्यायचं नाही. तो माझा माणूस होता. पण स्विच मी चालू केला नाही, आणि मंजूने तो बंद केला होता. कुणी चालू केला ते शोधायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही." रेखाने डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडले, चार वर्षं वाचलंस ते कशाला, असं म्हणाले. तो म्हणाला, "अधिकार आहे म्हणून वापरलाच पाहिजे असं कुठं आहे?" ...या वाक्यावर मी अजूनही त्याच्याशी भांडते आहे.

युक्तिवाद झाले, निकाल राखून ठेवला, आणि न्यायाधीशांची बदली झाली. नव्या बाई आल्या, सगळे युक्तिवाद पुन्हा झाले. या काळात अण्णाला एक सवय लागली. आपली तारीख नसली तरी तो बस धरून कोर्टात जायचा आणि आमची केस चालायची त्या दालनाबाहेरच्या बाकावर बसायचा. पहिल्यांदा आलेला माणूस लगेच ओळखू येतो, त्याच्या हातात समन्स असतं आणि तो दिसेल त्याला नमस्कार करत असतो. अण्णा त्याला शेजारी बसवून घ्यायचा, सगळे कागद मिळाले का विचारायचा, वकील परवडत नसेल तर सरकारी मदत कुठे मिळते ते दाखवायचा, आणि कबूल आहे का विचारलं तर घाबरून हो म्हणू नका असं सांगायचा. नवं पुस्तक कशासाठी वाचलं होतं ते मला तिथे कळलं. त्या नव्या माणसांच्या केसेस नव्या कायद्याने चालणार होत्या.

अण्णाचे दिवस झाल्यावर मी आणि रेखा मृत्यूचा दाखला घेऊन कोर्टात गेलो. शिपायाने दाराबाहेर येऊन त्याचं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट, नेहमीसारखं. रेखाने उभं राहून सांगितलं की आरोपी मयत आहेत. बाईंनी दाखला पाहिला आणि दोन ओळींचा आदेश सांगितला. आरोपी मरण पावल्याने खटला संपुष्टात येत आहे. मी उभी राहिले, मला बोलायचा अधिकार नव्हता तरी बोलले. कन्नडमध्ये विचारलं की निकाल तर तयारच होता ना, तो वाचून दाखवा. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अम्मा, गेलेल्या माणसावर खटला चालत नाही. त्यांच्यावरचा आरोप आता राहिलेला नाही." मी म्हणाले, "राहिला नाही, पण खोटा होता असं लिहा." त्यांनी पुढची फाइल मागवली. बाहेर आल्यावर रेखाने मला समजावलं, आणि त्यात ती एक गोष्ट बोलून गेली. शिक्षा झाली असती आणि अपील चालू असताना काका गेले असते, तर बहीण म्हणून तुम्हाला ते अपील पुढे चालवता आलं असतं. म्हणजे गुन्हेगार ठरून मेला असता तर त्याच्या नावासाठी भांडायची सोय होती. नुसता आरोपी म्हणून मेला, म्हणून नाही.

रेखा आदेशाच्या प्रतीसाठी अर्ज द्यायला गेली आणि मी त्या बाकावर बसून राहिले. तिथे एक पन्नाशीचा माणूस आला, प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. इकडेतिकडे बघत त्याने मला विचारलं की इथे ते लिफ्टवाले अण्णा बसायचे, ते आज आलेले नाहीत का. मी म्हणाले, नाही, आता येणार नाहीत, त्यांची केस संपली. त्याचा चेहरा उजळला. "निकाल लागला? काय लागला, अम्मा?"

दालनाचं दार उघडंच होतं, आत पुढच्या कुणाचा तरी आरोप वाचून दाखवत होते.

"निर्दोष," मी म्हणाले. "कोर्टाने तसं स्वच्छ लिहिलंय."

त्याने दाराकडे बघून हात जोडले. मला कुणी शपथ दिलेली नव्हती.